साल्झबर्गमध्ये हरवलेली एक दुपार

ख्रिसमस मार्केट बघायला युरोपात जायचं हे खूळ माझं. अविनाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यात काडीचा रस नव्हता. "मॉलसमोर पाल ठोकतात, दिवे लावतात, तेच तिकडे जाऊन कुडकुडत बघायचं," एवढंच त्याचं म्हणणं. पण तेहेतीस वर्षं टेक्ससमध्ये काढल्यावर मला एकदा तरी खरा डिसेंबर बघायचा होता. आमच्या शुगर लँडला नाताळच्या दिवशीही गल्लीत कुणीतरी हाफ पँट घालून लॉन कापत असतं. त्यामुळे ह्यूस्टनच्या मराठी मंडळींची बावीस जणांची टूर निघतेय म्हटल्यावर मी दोघांची नावं परस्पर देऊन टाकली.

टूर लीडर केतकी. तिशीची, जन्म ह्यूस्टनचाच. मराठी छान बोलते, फक्त क्रियापदं इंग्रजी. "मावशी, लेयर्स पॅक करा हं. आणि काकांना सांगा, स्नीकर्स अव्हॉइड करा." काकांनी स्नीकर्सच घेतले.

म्युनिक

पहिला धक्का हॉटेलातच बसला. जेटलॅगनं अंग आंबलेलं, म्हणून अविनाश खाली सौना घ्यायला गेला. पोहायची चड्डी, वरून टॉवेल, हातात पाण्याची बाटली. तीन मिनिटांत परत आला आणि पलंगावर बसून राहिला.

"काय झालं?"

"तू विचारू नकोस."

मी विचारलंच. आत सातआठ जण बसले होते, बाया आणि पुरुष एकत्र, आणि सगळे जन्माला आले तसे. हा दार उघडून थिजलाय, तोवर सत्तरीच्या एका बाईंनी त्याच्या चड्डीकडे बोट दाखवून ठणकावलं, की हे इथे चालत नाही, अस्वच्छ आहे, काढा! म्हणजे त्या खोलीत बेशिस्त कोण, तर कपडे घातलेला आमचा अविनाश. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्याच बाई शेजारच्या टेबलावर, गळ्यापर्यंत लोकरीचा स्वेटर घालून. "गुड मॉर्निंग," म्हणाल्या, अगदी सोज्वळपणे. अविनाशनं तोंड बशीत घातलं ते उठेपर्यंत वर काढलं नाही. मला हसून हसून ठसका लागला.

साल्झबर्ग, पहिली संध्याकाळ

म्युनिकहून बसनं दोन तासांवर साल्झबर्ग. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला डोंगर, डोंगरावर पांढरा किल्ला आणि पायथ्याशी मोठ्या चर्चच्या पुढे चौकात तो बाजार. लाकडी टपऱ्या, त्यांच्या छपरांवर पाइनच्या डहाळ्या, डोक्यावर दिव्यांच्या माळा. चार वाजताच अंधारून आलं आणि सगळं एकदम सोन्याचं झालं. मी तिथंच उभी राहिले. अविनाशही गप्प झाला, म्हणजे त्यालाही आवडलं.

शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. सॉसेजच्या टपऱ्या पुष्कळ असल्या तरी लांगोश म्हणून एक प्रकार मिळतो. तो म्हणजे आपला भटुराच, वर भरपूर लसणाचं पाणी चोपडलेला. बटाट्याची धिरडी मिळतात, भाजलेले चेस्टनट मिळतात. मसाला घातलेली गरम लाल वाईन मगमधून देतात. तिच्यात दालचिनी आणि लवंग असते, त्यामुळे पहिल्या घोटाला काढा प्यायल्यासारखं वाटतं, दुसऱ्या घोटाला तसं वाटत नाही.

मी दुसऱ्या घोटावर होते तेव्हा घंटा वाजायला लागल्या. देवळातल्या नव्हेत, गुरांच्या गळ्यातल्या, आणि शेकडो. गर्दी दुभंगली आणि त्यातून राक्षस आले. केसाळ कातडी, हातभर शिंगं, बाहेर लोंबणारी जीभ, कमरेला त्या अवजड घंटा आणि हातात फोकांच्या जुड्या. चाळीसएक तरी असतील. ते सरळ लोकांच्या अंगावर धावून जात होते आणि पोटऱ्यांवर सटासट फोक मारत होते. माझ्याही पायावर बसला. थर्मल आणि जीन्स असूनही झोंबलं! लहान मुलं किंचाळत होती आणि त्यांचे आईबाप खुशाल फोटो काढत होते.

"केतकी, हे काय आहे?" मी ओरडले. "सांताक्लॉज कुठंय?"

"मावशी, हे क्राम्पुस! गुड किड्सना सेंट निकोलस गिफ्ट देतो, बॅड किड्सना हे मारतात. ट्रॅडिशन आहे!"

"अगं पण मी साठ वर्षांची आहे!"

आपल्याकडे पोतराज येतो, पण तो कोरडा स्वतःच्या अंगावर ओढतो. इथले दुसऱ्यांना बडवतात आणि लोक थँक यू म्हणतात. आमच्या टूरमधल्या डॉ. शैलाताई, ह्यूस्टनला चाळीस वर्षं लहान मुलांच्या डॉक्टर होत्या, त्या तर हतबुद्ध झाल्या होत्या. "आमच्याकडे कुणी पोराला असं घाबरवलं असतं तर मला रिपोर्ट करावा लागला असता," असं त्या वाटेत दोनदा म्हणाल्या. हॉटेलवर पोचेपर्यंत आम्ही सगळे त्या राक्षसांचंच बोलत होतो. या सहलीतला सगळ्यात मोठा धक्का बसून गेला, असं मी ईशाला मेसेज करूनही टाकलं. ईशा आमची मुलगी. ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, बॉथेलला, एका बायोटेक कंपनीत असते.

साल्झबर्ग, दुसरा दिवस

सकाळी किल्ला. वर जायला छोटी रेल्वे आहे, सगळे तिनं गेले. अविनाश म्हणाला, "किल्ल्यावर काय रेल्वेनं जातात?" आणि त्या उभ्या चढावर, शून्याखाली पाच डिग्रीत, स्नीकर्सवर तरातरा निघाला. चौसष्ट वर्षांचा माणूस. वर आला तेव्हा चेहरा लालबुंद आणि मूठभर मांस चढलेलं. उतरलाही चालतच.

दोन वाजता आम्ही परत बाजारात होतो. मी त्याला वाईनचे दोन मग धरायला दिले आणि चेस्टनट घ्यायला गेले. पुडी घेऊन वळले तर तो हातातल्या मगांकडे टक लावून बघत होता.

"हे काय आहे?"

"वाईन. आत्ता घेतली ना आपण."

"आपण कुठे आहोत?"

मला वाटलं चेष्टा करतोय. "चंद्रावर," मी म्हटलं.

तो हसला नाही. त्यानं चर्चकडे पाहिलं, टपऱ्यांकडे पाहिलं. "नाही, खरंच. आपण कुठे आहोत? इथे कसे आलो?"

मी सांगितलं. साल्झबर्ग, ऑस्ट्रिया, टूर. त्यानं सगळं नीट ऐकलं, मान हलवली, "अच्छा," म्हणाला. एक मिनिटही गेलं नसेल. तोच आवाज, तीच वर चढलेली भुवई. "आपण कुठे आहोत? इथे कसे आलो?"

चेस्टनटची पुडी माझ्या हातातून पडली.

शैलाताई शेजारच्याच टपरीवर होत्या. मी त्यांना हाक मारली की किंचाळले, मला आठवत नाही. त्यांनी त्याला बाकावर बसवलं. "अविनाश, हसून दाखवा. दोन्ही हात वर करा. माझी बोटं दाबा." त्यानं सगळं बरोबर केलं. नाव सांगितलं, माझं नाव सांगितलं, ईशाची जन्मतारीख सांगितली.

"नोकरी कुठे करता?" शैलाताईंनी विचारलं.

त्यानं रिफायनरीचं नाव सांगितलं. "सोमवारी जायचंय परत. रजा घेतलीय का गं मी?"

त्याला रिटायर होऊन दीड वर्ष झालं होतं. शैलाताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि केतकीला म्हणाल्या, "ॲम्ब्युलन्स बोलाव. आत्ता."

ती पाच मिनिटांत आली. लोकांनी गुपचूप वाट दिली. कुणीतरी वरच्या मनोऱ्यातून पितळी वाद्यं वाजवत होतं, फार सुंदर वाजवत होतं, आणि मी स्ट्रेचरबरोबर धावत होते. माझ्या डोक्यात एकच शब्द, स्ट्रोक. माझ्या वडिलांना स्ट्रोक आला होता. त्यानंतर ते सहा वर्षं जगले आणि त्यातलं एकही वर्ष त्यांचं नव्हतं.

ॲम्ब्युलन्सचं दार लागलं आणि अविनाश म्हणाला, "आईला कळवलंस का?"

इथे थांबून सांगायला हवं. माझ्या सासूबाई दोन वर्षांपूर्वी सांगलीला वारल्या. वय अठ्ठ्याऐंशी. फोन आला त्याच दिवशी अविनाश निघाला, पण तो विमानात असतानाच सगळं उरकलं होतं. भाच्यानं अग्नी दिला. हा पोचला आणि तेरा दिवस कामं करत राहिला. आचारी, गुरुजी, मृत्यूचा दाखला, बँक. रडला नाही. त्याची मोठी बहीण सुलभाताई, जिनं आईंचं शेवटची नऊ वर्षं केलं, ती निघायच्या दिवशी त्याला म्हणाली, "अमेरिकेनं तुला अगदी कोरडा करून टाकला रे." तेव्हापासून भाऊबीजेला दोन मिनिटांचा फोन, तेवढाच.

आणि आता तो मला विचारत होता, आईला कळवलंस का.

"अवी," मी म्हटलं, "आई गेल्या ना. दोन वर्षं झाली."

छत्तीस वर्षांच्या संसारात त्याचा तसा चेहरा मी पाहिला नव्हता. "कधी? कशानं? मला कुणी सांगितलं कसं नाही?" आणि तो रडायला लागला. हुंदके देऊन, तोंड उघडं टाकून, शाळेतल्या पोरासारखा. ॲम्ब्युलन्समधल्या माणसाला शब्द कळले नसतील, पण त्यानं अविनाशच्या खांद्यावर हात ठेवला.

मग हुंदके थांबले. अविनाशनं गालावरून हात फिरवला आणि ओल्या बोटांकडे नवलानं पाहिलं.

"माझे डोळे का ओले झालेत?" तो म्हणाला. आणि मग, "आपण कुठे आहोत? आईला कळवलंस का?"

मी पुन्हा सांगितलं. मला दुसरं सुचलंच नाही. तो पुन्हा तसाच रडला, अगदी पहिल्यापासून. तिसऱ्यांदा सांगितलं ते स्कॅनच्या खोलीबाहेर. तिथे त्यानं माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. मला वाटलं, हा माणूस आता आयुष्यभर दर दोन मिनिटांनी आपली आई गमावणार आणि दर वेळी ती बातमी द्यायला मी असणार.

डॉक्टर एक तरुण मुलगी होती, ईशाच्या वयाची. तिनं खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली. स्कॅन स्वच्छ आहे, हा स्ट्रोक नाही, असं तिनं आधी दोनदा सांगितलं, मला कळेपर्यंत. मेंदूची नवीन आठवणी टिपून घ्यायची जागा मधेच बंद पडते, मागचीही काही वर्षं झाकली जातात. का होतं ते नीट कुणालाच माहीत नाही. कधी खूप दमणूक, कधी एकदम गारठा. काही तासांत, फार तर उद्यापर्यंत आपोआप सुरू होईल. फक्त हे मधले तास त्यांना कधीच आठवणार नाहीत.

"ते सारखे आईचं विचारतायत," मी म्हटलं. "त्या वारल्या आहेत. मी खरं सांगते तर रडतात. सांगू की नको?"

तिनं हातातलं पेन मिटलं. मग म्हणाली, "तुम्ही जे सांगाल ते त्यांच्यापाशी राहणार नाही. तुमच्यापाशी राहील."

मी कॉरिडॉरमध्ये जाऊन ईशाला फोन लावला. तिकडे सकाळचे सात वाजले होते. ती आधी रडली, मग लगेच कामाला लागल्यासारखी प्रश्न विचारायला लागली. आजीचं सांगितल्यावर म्हणाली, "आई, डोन्ट लाय टू हिम. बाबा हेट्स दॅट. यू नो ही डझ."

मला माहीत होतं. फोनवर "मी घरी नाही म्हणून सांग" एवढंही त्याला चालत नाही. मी परत खोलीत गेले. तो पलंगावर बसला होता, हॉस्पिटलच्या निळ्या गाऊनमध्ये, पाय अधांतरी.

"आपण कुठे आहोत? आईला कळवलंस का?"

"हो," मी म्हटलं. "कळवलं."

"घाबरली का?"

"नाही. छान आहेत. जेवल्या आणि आडव्या झाल्या."

त्याचे खांदे खाली आले. "गुडघे?"

"सुलभाताई तेल लावून देतायत रोज. बरे आहेत."

"काय जेवली?"

"मुगाची खिचडी."

तो हसला. इतकं साधं, निवांत हसला. मी तोंड वळवून खिडकीतून बाहेर पाहिलं. आपण एका मेलेल्या माणसाला जेवू घातलं आणि आपल्याला लाजही वाटली नाही, याचाच मला धक्का बसला होता.

पुढचे तीन तास मी हेच केलं. दर दोन मिनिटांनी सासूबाई जेवायच्या. कधी खिचडी, कधी पिठलं-भाकरी, कधी नुसतं ताक-भात. कधी त्या देवळात जाऊन आल्या होत्या, कधी टीव्ही बघत होत्या. एकदा तो म्हणाला, "आत्ता लाव ना फोन," तेव्हा मी म्हटलं, "तिकडे रात्र झालीय, झोपल्यात," आणि तो लगेच म्हणाला, "नको मग, उठवू नको." मला कळेना, मी त्याला समजावतेय की स्वतःला. त्या बाईंशी माझं कधी फारसं जमलं नव्हतं. पण त्या दुपारी मी त्यांना मनापासून जिवंत ठेवत होते.

साडेसातच्या सुमाराला तो गप्प झाला. दोन मिनिटं झाली, पाच झाली. मी घड्याळाकडे बघत होते. मग तो म्हणाला, "केतकीनं ग्रुपच्या जेवणाचं काय केलं?"

केतकी! त्याला केतकी आठवली. मी श्वासही न घेता बसून राहिले. त्यानं खोलीभर नजर फिरवली. पलंग, सलाईन, अंगातला गाऊन. चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी जमा होत गेलं.

"आई गेली ना गं?" तो म्हणाला.

"हो."

"हो. गेली." त्यानं मान हलवली. या वेळी रडला नाही. आपण गेली दोन वर्षं पाहिलेला अविनाश परत आला, हे मला त्यावरूनच कळलं.

साल्झबर्ग, तिसरा दिवस

सकाळी त्याला घरी सोडलं. म्हणजे हॉटेलवर. पुन्हा होण्याची शक्यता फार कमी, असं त्या डॉक्टर मुलीनं लिहून दिलं. आमची टूर तोवर व्हिएन्नाला पुढे गेली होती. केतकी आमच्यासाठी मागं थांबली आणि तिनं बसमध्ये शैलाताईंना लीडर करून पाठवलं. "शैलाकाकूंनी सगळ्यांना मुलांसारखं काउंट केलं, मावशी. टू बाय टू लाइन!" असं तिनं सांगितलं तेव्हा अविनाशही हसला.

दुपारच्या गाडीची तिकिटं काढून आम्ही स्टेशनजवळच्या एका बेकरीत बसलो. केतकी काउंटरवर काहीतरी घ्यायला गेली. अविनाशनं कॉफीत साखर ढवळली. तो खूप वेळ ढवळत राहिला.

"काल मी काय काय बोललो?"

मी सगळं सांगितलं. बाजारापासून. मग ॲम्ब्युलन्स.

"मी रडलो?"

"तीनदा."

"सगळ्यांसमोर?"

"हो."

त्यानं चमचा बशीत ठेवला. "आणि चौथ्यांदा?"

"चौथ्यांदा मी खोटं बोलले. जिवंत आहेत म्हणून सांगितलं. मग संध्याकाळपर्यंत तेच सांगत राहिले."

तो उठला आणि बाहेर गेला. काचेतून मला त्याची पाठ दिसत होती. कोट आतच राहिला होता आणि बाहेर बर्फ भुरभुरत होतं. एव्हाना टेबलाशी परतलेली केतकी त्याचा कोट घेऊन उठायला लागली, मी तिला बसवलं. तेवढ्यात तोच आत आला. केसांत पांढरे कण. खुर्चीवर बसला.

"काय जेवली म्हणून सांगितलंस?"

"खिचडी. ताक-भात. पिठलं-भाकरी."

"पिठलं नाही. रात्रीचं तिला पिठलं चालत नव्हतं. पित्त व्हायचं."

"मला नव्हतं माहीत."

"शेवटच्या दिवशी काय खाल्लं असेल तिनं?"

मी नाही म्हणून मान हलवली. मला खरंच माहीत नव्हतं.

"मलाही माहीत नाही," तो म्हणाला. "मी कधी विचारलंच नाही. तेरा दिवस त्या घरात होतो, गुरुजींना किती पाट लागतील ते विचारलं. हे नाही विचारलं."

त्यानं फोन काढला. सांगलीत संध्याकाळचे सहा वाजले असतील. सुलभाताईचा घाबरलेला आवाज मलाही ऐकू आला, "काय रे अवी? सगळं बरं ना? आज अचानक?"

"बरं आहे. ताई, एक विचारू? आईचा शेवटचा दिवस कसा गेला?"

फोन कट झाला की काय असं वाटून त्यानं स्क्रीनकडे पाहिलं. मग ताई बोलायला लागली. हळू बोलत होती, मला शब्द कळत नव्हते. अविनाश "हं", "हं" करत होता. मधे एकदा म्हणाला, "कुठल्या खिडकीशी?" मग एकदा, "माझं नाव घेतलं?" आणि मग त्याचं "हं" तुटलं.

तो रडत होता. हुंदके नव्हते, नुसतं पाणी वाहत होतं, आणि तो ते पुसतही नव्हता. बेकरीतली बाई न विचारता पाण्याचा ग्लास आणि कागदी रुमालांचा गठ्ठा ठेवून गेली.

केतकीनं हळूच मला घड्याळ दाखवलं. गाडीला वीस मिनिटं होती. मी नको म्हणून मान हलवली. ती खुर्चीत मागे टेकून बसली आणि तिनं आपला फोन पालथा घालून ठेवला.

सुलभाताईचं सांगून झालं असावं. बाहेर आमच्या गाडीची घोषणा झाली असेल, मी ऐकली नाही. अविनाशनं नाक पुसलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताई, परत सांग," तो म्हणाला. "सकाळपासून सांग."